भंडारदऱ्याला दोन रात्री: दुसरी बॅटरी की पॉवर स्टेशन?

घोडबंदर रोड, ठाणे:
नमस्कार मंडळी. बाबांच्या इन्सुलिनसाठी बोलेरोत १२ व्होल्टचा छोटा फ्रिज ठेवतो. गॅरेजवाले काका बॉनेटखाली दुसरी बॅटरी बसवू म्हणतात. मला मात्र तंबूत उचलून नेता येणारं पॉवर स्टेशन (सॉकेट असलेली मोठ्या बॅटरीची पेटी) बरं वाटतंय. काय करू?

ऐरोली:
पॉवर स्टेशनच घ्या, आणि तेही लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीचं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू असताना साधारण ४५ वॉट खातो, पण सतत चालत नाही. उन्हाळ्यात दिवसाला ३००-४०० वॉट-अवर धरा, म्हणजे १००० वॉट-अवरचं पुरेल. फ्रिज त्याच्या १२ व्होल्ट सॉकेटलाच लावा. इन्व्हर्टरमधून चालवलात तर वीज वाया जाते. दुसरी बॅटरी म्हणून बसवतात ती १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड वारंवार निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. आणि दादा, इन्सुलिन गोठू देऊ नका, २ ते ८ अंशच ठेवा.

नेरुळ:
सहमत, पण घरून पूर्ण भरूनच निघा. गाडीच्या सॉकेटमधून १०० वॉटच्या आसपासच मिळतात, कसारा घाट चढून पोचेपर्यंत अर्धंही भरणार नाही. आठवडाभर रोज मुक्काम हलवणार असाल तर काकांचं ऐका, डीसी-डीसी चार्जरसकट (गाडी चालू असताना दुसरी बॅटरी नीट भरणारा चार्जर).

घोडबंदर रोड, ठाणे:
दोनच रात्री आहेत. पॉवर स्टेशन नक्की. बाबांना आत्ताच सांगतो!