सोबत आणि निदान यांत फरक आहे

घरातल्या वृद्धांशी बोलायला घरची माणसे असताना त्यांच्यासाठी मानसशास्त्रज्ञ कशाला, असे काही जण विचारतात; हा मुद्दा सोबतीपुरता मला मान्य आहे. निदानाच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही. उतारवयातील नैराश्य पुष्कळदा उदास बोलण्यातून प्रकट न होता विसरभोळेपणा, अंगदुखी आणि मंदावलेली भूक अशा रूपांत येते, आणि ‘आता वय झाले’ असे म्हणून घरचे ते सोडून देतात. याच कारणाने १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांमधील नैराश्य ओळखण्यासाठी ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांची ३० प्रश्नांची चाचणी तयार केली, आणि तिच्यातून झोप, वेदना यांसारख्या शारीरिक तक्रारी जाणीवपूर्वक वगळल्या, कारण त्या वयात त्या नैराश्याशिवायही असतात.

माझ्या आईच्या बाबतीत आम्ही तिचा विसराळूपणा स्मृतिभ्रंशच समजून चाललो होतो; घरी आलेल्या मानसशास्त्रज्ञांनी तिच्याशी आमच्या गैरहजेरीत बोलण्याचा आग्रह धरला, तेव्हाच ती म्हणाली की आपण सर्वांना ओझे झालो आहोत. आमच्यासमोर हे ती कधीच बोलली नसती.