‘त्वरित प्रसरण’ खटकतंय, दुसरा शब्द?

रंकाळाकाठ: विज्ञान दिनाच्या भित्तीपत्रकाला मथळा आलाय, ‘आरंभीच्या विश्वाचे त्वरित प्रसरण आणि कृष्णविवरे’. छापायच्या आधी सांगा.

लवंगीमिरची: ‘त्वरित अर्ज करा’ यातला त्वरित म्हणजे लगेच. इथं म्हणायचंय की वेग वाढत गेला. शाळेच्या पुस्तकात त्वरण आहे, म्हणून ‘त्वरणशील’. ‘वेगवान’ लिहू नका. वेग मोठा असूनही कमी होत जाऊ शकतो. विश्वाचं तेच झालं. सुरुवातीच्या उसळीनंतर कित्येक अब्ज वर्षं प्रसरण मंदावत होतं, साधारण ५०० कोटी वर्षांपूर्वी पुन्हा त्वरण आलं. हे दुसरं त्वरण १९९८ साली दूरच्या अतिनवताऱ्यांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) कळलं. नुसतं ‘त्वरणशील’ लिहिलंत तर वाचणारा कुठलं धरणार?

रंकाळाकाठ: मग पहिल्याला ‘फुगवटा’? चलनफुगवटा आहेच की भाषेत.

गूळढेप: कानाला गोड आहे, पण दीर्घिकेच्या (आकाशगंगेसारख्या तारकासमूहाच्या) मधल्या फुगीर भागाला फुगवटाच म्हणतात. एकाच पत्रकात दोन फुगवटे झाले की घोळ. ‘स्फीती’ घ्या. नेहमीच्या प्रारूपांत सेकंदाच्या एकावर ३२ शून्ये इतक्याव्या भागाच्या आत अंतरं किमान एकावर २६ शून्ये इतक्या पटींनी वाढली. एवढ्या मोठ्या गोष्टीला स्वतःचं नाव हवंच.

लवंगीमिरची: मथळ्यातलं ‘आणि’ पण बघा. स्फीतीतच कृष्णविवरं तयार झाली असा अर्थ लागतो. स्फीतीनं घनतेतले बारीक चढउतार ताणून मोठे केले. ती संपल्यावर जिथं घनता पुरेशी जास्त होती तिथं पदार्थ कोसळून आदिम कृष्णविवरं झाली असावीत, असा तर्क. अजून एकही सापडलेलं नाही, तेव्हा ‘असावीत’ खोडू नका.

रंकाळाकाठ: ‘कृष्णविवर’ तरी बरोबर ना? विवर म्हटलं की लोणार आठवतं.

गूळढेप: शब्द रुळलाय, राहू दे. खाली एक ओळ टाका: हा खड्डा नव्हे, दाबून बसवलेलं वस्तुमान आहे. अख्खी पृथ्वी ९ मिलिमीटर त्रिज्येत, म्हणजे खेळायच्या गोटीएवढी दाबली तर कृष्णविवर होईल. सूर्याला ३ किलोमीटर लागतील. ज्या हद्दीच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही तिला ‘घटना क्षितिज’ म्हणा, ‘पृष्ठभाग’ नको. तिथं आदळायला काही नसतं.

रंकाळाकाठ: मथळा बदलला: ‘स्फीती आणि तिच्यानंतरची संभाव्य आदिम कृष्णविवरे’.

लवंगीमिरची: लांब झालाय, पण बरोबर आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या जन्मगावात, कोल्हापुरात, एवढं तरी नीट छापा.