‘प्रेझेंट’ म्हणजे फाइल बरोबर आहे असं नाही

रेट्रोआर्क या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बायोससमोर (कन्सोल सुरू करणारी मूळ फाइल) ‘प्रेझेंट’, म्हणजे ‘हजर’, दिसतंय, तरी प्लेस्टेशनचा गेम काळ्या पडद्यावरच अडकतो, असं कधी कधी होतं. त्या शब्दावर फार विसंबू नका. त्या नावाची फाइल सिस्टीम फोल्डरमध्ये आहे, एवढंच तो सांगतो. आत काय भरलंय ते तो बघत नाही.

आधी साइझ बघा. पहिल्या प्लेस्टेशनचा बायोस नेमका ५,२४,२८८ बाइटचा, म्हणजे ५१२ केबी असतो. कमी-जास्त भरला तर विषयच संपला. साइझ जुळली तरी एमडी५, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढाच. त्यासाठी विंडोजवर सर्टयुटिल, लिनक्सवर एमडी५सम ही कमांड. इतर काही टाकावं लागत नाही. आलेले ३२ अक्षर-आकडे कोअरच्या (त्या-त्या कन्सोलचे गेम चालवणारा रेट्रोआर्कमधला भाग) माहितीत दिलेल्या एमडी५शी ताडून बघा. मी पहिली चार नि शेवटची चार बघतो, चुकून बिघडलेली फाइल ओळखायला तेवढं पुरतं. नाव बदललं म्हणून एमडी५ बदलत नाही, त्यामुळे कुणी ५५०२ ला ५५०१ नाव दिलं असेल तर लगेच उघडं पडतं. (हे बायोस फाइलच्या नावातले मॉडेल नंबर: ५५०० जपानची, ५५०१ अमेरिकेची, ५५०२ युरोपची.)

याउलट एमडी५ जुळतो आणि कोअर ‘मिसिंग’ म्हणतो, तेव्हा दोष बहुधा नावात. लिनक्सवर कॅपिटल-स्मॉल वेगळं धरलं जातं. विंडोज एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं ‘.बिन’) लपवतं, मग ‘.बिन.बिन’ होऊन बसतं. माझी एक अख्खी संध्याकाळ त्या दुसऱ्या ‘.बिन’ने खाल्ली आहे.

गेमबॉय अ‍ॅडव्हान्ससाठी मात्र एवढी खटपट नको, त्याच्या एमजीबीए या कोअरमध्ये मूळ बायोसची जागा घेणारा बायोस आतच असतो.