मदत हवी आहे: लेकीला फ्रेंच इमर्शनला घालावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. लेक सप्टेंबरात पहिलीत जाईल. इथे पहिलीपासून फ्रेंच इमर्शन घेता येतं, म्हणजे अर्धा दिवस विषयसुद्धा फ्रेंचमधूनच. १९६५ साली क्यूबेक या फ्रेंचभाषक प्रांतातल्या इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहातून हा प्रकार सुरू झाला. त्यांच्या गल्लीत फ्रेंच कानावर तरी पडत होतं! आमच्या घरी दोघांनाही ‘बोंजूर’पलीकडे काही येत नाही.

लेक बडबडी आहे, नवे शब्द पटकन उचलते. पण इंग्रजी लिहिताना अजून बी आणि डी उलटे काढते. परवा आजीला फोनवर म्हणाली, ‘मी दूध फिनिश केली.’ मराठी आधीच अशी लंगडतेय.

कुणी मुलांना घातलंय का? गृहपाठाचं कसं जमवता? मध्येच काढावं लागलं असेल तर का, तेही मोकळेपणाने सांगा. आणि घरातलं मराठी टिकलं का हो?