घरच्या मंडळींसह हिवाळी सहल : पशुपक्षी कोठे पाहावेत?

रानमेवा :
सर्वांना नमस्कार. आम्ही जळगावला राहतो. सासूबाईंचे गुडघे आता चढउतार सोसत नाहीत, मुलगी चौथीत आहे आणि धाकट्याला एका जागी स्थिर बसणे ठाऊक नाही. मागे यावल अभयारण्याच्या परिसरातील पाल या गावी गेलो होतो, तेव्हा वानरांखेरीज काहीच दिसले नाही आणि बिबट्या पाहायचा म्हणून निघालेली मुले परतताना हिरमुसली होती. या हिवाळ्यात पहाटे निघून सायंकाळपर्यंत घरी येता येईल, सासूबाईंनाही बरे वाटेल आणि मुलांना खरोखर काही पाहायला मिळेल, अशी जागा कोणी सुचवील का? वानरांना चणे-शेंगदाणे घालावेत की नाही, यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. त्याविषयीही जाणकारांनी सांगावे.

तापीकाठ :
ताई, आपल्या अटी पाहता हतनूर धरणाच्या फुगवट्याइतकी (धरणामागे पसरलेल्या पाण्याइतकी) सोयीची जागा जिल्ह्यात दुसरी नाही. चांगदेव येथे तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे व तेथेच चांगदेवांचे जुने दगडी मंदिर आहे. जवळच कोथळीला मुक्ताईचे देऊळ असल्यामुळे सासूबाईंची दोन्ही दर्शने एकाच फेरीत होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात फुगवट्याच्या उथळ पाण्यावर उत्तरेकडून आलेली बदके उतरतात. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हा हंस दिसला, तर त्याच्या पांढऱ्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या मुलांकडून अवश्य मोजून घ्याव्यात. चक्रवाक भगव्या-तपकिरी रंगाचे असतात व बहुधा जोडीने दिसतात, त्यामुळे लहान मूलही त्यांना लांबून ओळखते. थापट्या बदकाची चोच टोकाशी पसरट असते. ती पाण्यात टेकवून तो सरळ रेषेत पोहत जातो व पाणी गाळून त्यातले बारीक जीव खातो. धाकट्याला मात्र वारकरी अधिक आवडेल, कारण पांढऱ्या कपाळाचा हा काळा पक्षी उडण्यापूर्वी पाण्यावरून पाय आपटत बराच लांब धावतो आणि त्याची ती फटफट काठावर ऐकू येते. सकाळी सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडावा, भडक कपडे टाळावेत आणि एक साधी दुर्बीण आळीपाळीने वापरावी. पाण्याच्या फार जवळ गेल्यास सारा थवा उठतो व मग दिवसभर पलीकडच्या काठाला बसतो, म्हणून थोडे लांबच थांबलेले बरे.

कोरडवाहू :
वरील सूचना योग्यच आहे, परंतु शेतकरी म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. शहरातून येणाऱ्या मंडळींना रोह्यांचा (नीलगायींचा) कळप दिसला की आनंद होतो. आमच्या मक्या-हरभऱ्यात तोच कळप रात्री शिरला की सकाळी उभे पीक आडवे झालेले असते. रानडुकरांविषयी तर बोलायलाच नको. तरीही थंडीच्या दिवसांत बांधावर बसून चास (नीलकंठ) पक्षी तारेवरून खाली झेपावताना पाहण्याचे सुख मलाही नाकारता येत नाही, आणि त्यासाठी अभयारण्य गाठावे लागत नाही. आपल्या नात्यात कोणाचा मळा असेल, तर एक रविवार तेथे भरीत पार्टी ठेवावी. भरताची मोठी हिरवी वांगी तुरीच्या वाळल्या काड्यांवर भाजावीत, हिरवी मिरची व लसणासह लाकडी बडगीत ठेचावीत आणि वर कांद्याची पात, शेंगदाणे घालून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्यांबरोबर वाढावे. वांगी भाजून होईपर्यंत मुले बांधावर मोकळी फिरतात व पक्षीही आपोआप पाहिले जातात. ही चूल मळ्यातच पेटवावी, जंगलात कदापि नाही.

सातपुडा_पायथा :
पालविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पालवर अन्याय होतो आहे असे वाटले. यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले व त्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे. तेथे बिबट्या आहे, अस्वल आहे, तरस आहे; परंतु हे प्राणी मुख्यतः रात्री वावरतात आणि दिवसा दडून राहतात, तेव्हा सकाळी दहानंतर गाडीतून डोकावून ते दिसण्याची शक्यता फारच कमी. मुलांना प्राण्याऐवजी त्याच्या खुणा शोधायला लावाव्यात. वन विभागाच्या परवानगीने व स्थानिक वाटाड्यासह कोरड्या नाल्याच्या वाळूत उतरल्यास पावले सापडू शकतात. बिबट्याच्या ठशात चार बोटे उमटतात व चालताना तो नखे आत ओढून घेत असल्यामुळे नखांची खूण दिसत नाही. अस्वलाच्या ठशात पाच बोटे जवळजवळ एका ओळीत असतात आणि त्यांच्या पुढे लांब नखांचे ओरखडे स्पष्ट दिसतात. वाळवीचे वारूळ उकरलेले आढळले, तर तेही बहुधा अस्वलाचेच काम. माझ्या पुतणीने असा एक ठसा वहीत काढून घेतला व परतीच्या वाटेवर सर्वांची परीक्षा घेतली.

आपल्या भागाचे खरे भूषण मात्र रानपिंगळा आहे. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीलायक नमुना कोणाला मिळाला नव्हता व तो नामशेष झाला असेच मानले जात होते. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी पक्षिअभ्यासकांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा आढळला. तो दिवसाही वावरतो आणि सागाच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. आपल्या अंगणातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जेमतेम दिसतात. तो दिसावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो शिकार व घरटे सोडून येतो.

वानरांना काहीही घालू नये. पाने, फळे व शेंगांवर त्यांचे उत्तम चालते. खाऊची सवय लागली की ती रस्त्यावर येऊन बसतात, गाडीखाली सापडतात आणि पुढे पिशव्या हिसकावू लागतात. घरातील दुसऱ्या तटाला हे अवश्य वाचून दाखवावे.

रानमेवा :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या रविवारी हतनूर ठरले आहे. भरीत पार्टीसाठी यावलच्या मामांना विचारते. दुसरा तट म्हणजे सासूबाईच आहेत, त्यामुळे वाचून दाखवण्याचे काम यांच्यावर सोपवले आहे. काठावर बसायला सावली मिळते का?

तापीकाठ :
फारशी नाही. आजींसाठी घडीची खुर्ची व छत्री न्यावी, पिण्याचे पाणी घरूनच घ्यावे आणि अकरापर्यंत पक्षी पाहून देवळाच्या सावलीत यावे. काठावरच्या गाळात पाय रुततो, मुलांना तेथे उतरू देऊ नये.