मदत हवी आहे: दाबलेल्या लोहपावडरच्या कडीसाठी जाइल्स-अथर्टन मॉडेलमधील अल्फा कसा ठरवावा?

नमस्कार. नागपुरात एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी मृदू चुंबकीय संमिश्राच्या हिस्टेरेसिसचे (क्षेत्र बदलले तरी चुंबकन मागे रेंगाळण्याचे) जाइल्स-अथर्टन हे गणिती मॉडेल तयार करतो आहे. फॉस्फेटचा विद्युतरोधक लेप दिलेली लोहपावडर दाबून केलेल्या कडीवर दोन वाइंडिंग घेऊन, एडी करंटचा (पदार्थात उठणाऱ्या भोवरी प्रवाहांचा) वाटा नगण्य राहावा म्हणून अगदी कमी वारंवारतेवर लूप मोजले आहेत.

मोठा लूप उत्तम जुळतो. मात्र मॉडेलच्या पाच पॅरामीटरपैकी अल्फा (चुंबकनामुळे आतल्या क्षेत्रात पडणारी भर ठरवणारा गुणांक) शोधाच्या खालच्या मर्यादेला, म्हणजे शून्याला, चिकटून बसतो आणि 'ए' (हिस्टेरेसिसविरहित वक्राचा आकार ठरवणारा पॅरामीटर) अवाजवी फुगतो. मे महिन्यात प्रयोगशाळेचे तापमान चाळिशीपार जाते हे खरे, पण लोखंडाचा क्युरी बिंदू (ज्यावर त्याचे लोहचुंबकत्व संपते ते तापमान) 770 अंश सेल्सिअस असल्याने माझा संशय तिथे नाही. मला कारण लेपात दिसते. प्रत्येक कणाभोवतीचा लेप ही एक सूक्ष्म हवाफटच असल्याने कणाला मिळणारे क्षेत्र 'एच वजा एन गुणिले एम' इतके घटते (एच म्हणजे दिलेले क्षेत्र, एम म्हणजे चुंबकन, एन म्हणजे विचुंबकन गुणांक), तर मॉडेल त्यात 'अल्फा गुणिले एम' मिळवते. दोन्ही पदे चुंबकनाच्याच प्रमाणात असल्यामुळे समीकरणात केवळ त्यांची वजाबाकी उरते आणि लूप कितीही काळजीपूर्वक मोजला तरी त्यावरून ती वेगळी काढता येत नाहीत.

या मॉडेलमध्ये डीसी बायसवरचे (स्थिर क्षेत्रावर चढवलेले) लहान लूप बंद होत नाहीत, म्हणून प्रायझाखच्या 1935 च्या मॉडेलकडे (जे हिस्टेरेसिस अनेक साध्या स्विचांची बेरीज मानते) वळण्याचा विचार केला. परंतु त्यात समान मर्यादांमधील लहान लूप एकरूप असावे लागतात आणि माझे मोजलेले लूप तसे नाहीत. डेला टोरे यांनी 1966 मध्ये सुचवलेल्या सुधारणेत पुन्हा चुंबकनाच्या प्रमाणातले तेच पद येते, म्हणजे कोणत्याही वाटेने गेले तरी हा आकडा लागतोच. अल्फा ऋण होऊ देणे भौतिकदृष्ट्या योग्य ठरेल का, की 'एन' स्वतंत्रपणे मोजण्याचा काही मार्ग आहे?

प्रतिसाद: ऋण अल्फा स्वीकारायला हरकत नाही, फक्त तो 'अल्फा वजा एन' आहे असे प्रबंधात स्पष्ट लिहावे. त्याआधी संपृक्त चुंबकन (पदार्थाचे कमाल चुंबकन) मोकळे सोडू नका. शुद्ध लोखंडाचे सुमारे 17.1 लाख अँपिअर प्रति मीटर हे मूल्य कडीच्या घनतेच्या प्रमाणात कमी करून स्थिर धरा. मग डीसी क्षेत्र कायम ठेवून त्यावर हळूहळू शून्यावर येणारे एसी क्षेत्र द्या आणि हिस्टेरेसिसविरहित वक्र मोजा. त्याच्या सुरुवातीच्या उताराचा व्यस्त म्हणजे '3 ए भागिले संपृक्त चुंबकन, वजा अल्फा, अधिक एन'. तोच वक्र पुढे वाकतो कसा यावरून 'ए' वेगळा मिळेल. वेगवेगळ्या घनतेच्या कड्या असतील तर 'एन' किती बदलतो तेही कळेल. आपल्या कडीची घनता किती आहे?