मदत हवी आहे: वणव्यात गजी मंडळाचं सपार जळालं, यात्रेआधी काय करता येईल?

माणदेशी_लेक:
आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला. परवा दुपारी डोंगरावरचा वणवा वाऱ्यानं खाली आला आणि गजी मंडळाचं, म्हणजे ढोलावर गजीचा नाच करणाऱ्यांचं, सपार (गवताचं छप्पर) गेलं. माणसं, मेंढरं वाचली. चैत्र तोंडावर आलाय, शिंगणापूरची यात्रा आणि त्यामागोमाग आमच्या गावची जत्रा. मी पुण्यात असते. माझ्या नावाचा क्यूआर कोड टाकून पैसे गोळा केले तर चालेल का? एवढंच सांगा, पण लवकर सांगा.

कृष्णाकाठ:
ताई, सपारात होतं काय? ढोल किती? पंचनामा झाला का? जागा गावठाणातली की कुणाच्या मालकीची? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

रानवाटा:
आधी वणवा लावला कोणी ते शोधा. जुनं गवत जाळलं की नवं जोमानं येतं हा समज आपल्याकडं अजून जात नाही. जळतं ते बी, घरटी आणि मातीतला ओलावा. पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. वणवा दिसला की वनविभागाच्या १९२६ वर फोन करायचा.

माणदेशी_लेक:
दादा, पटतं, पण माझा प्रश्न तो नाही. सहा ढोल होते, दोन जेमतेम वाचले. अंगरखे, फेटे, हातातले रुमाल सगळं गेलं. सपार चुलत्यांच्या जागेत. तलाठी येऊन बघून गेले म्हणतात, कागद कुणाच्या हातात नाही.

सांगलीची_वहिनी:
बघून जाणं म्हणजे पंचनामा नव्हे. लेखी करून घ्या, पंचांच्या सह्या घ्या. तोवर राख उचलू नका, हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. २०१९ च्या महापुरात आम्ही चिखल आधी धुतला आणि मग काय काय होतं ते सांगताना घाम फुटला.

उद्योगमित्र:
पीएम विश्वकर्माचा अर्ज भरा. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि कमी व्याजाचं कर्ज मिळतं.

कृष्णाकाठ:
त्या योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, कुंभार, मूर्तिकार, शिंपी वगैरे. वाद्यं बनवणारे त्यात नाहीत, वाजवणारे तर नाहीतच. परवाच ज्यांचं सपार जळालं त्यांना उगाच चकरा मारायला लावू नका.

उद्योगमित्र:
मी माझ्या भावाचा अर्ज स्वतः भरलाय, अनुभवावरून बोलतोय. मंडळात कुणी सुतार, शिंपी असेल तर?

मिरजेचा_पाहुणा:
ढोल मिरजेला आणा. वाद्यांचं गाव आहे, सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

हलगीवाला:
पाहुणं, मिरजेत सतारमेकर भोपळा आणि तारा बघतात. ढोल म्हंजे चामडं. त्याला पानं, म्हंजे तोंडावरची चामडी, चढवणारा माणूस लागतो, तो जवळच्या बाजाराच्या गावात गाठा. ताई, जळक्या ढोलाचं खोड, म्हंजे लाकडी अंग, टाकू नका. वरनं काळं झालंय का आतपातूर कोळसा झालाय ते बघा. ठोकून बघा, भरीव आवाज आला तर तासून निघतंय. नवं पान चढवलं की लगेच जत्रंत बडवू नका, बसायला दिवस द्या. म्हंजे आजच गाठा त्याला.

ज्येष्ठ_नागरिक:
मंडळात पन्नाशीच्या पुढचे कलावंत असतील तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, महिना ५,०००. १५ वर्षांच्या कलासेवेचे पुरावे जोडावे लागतात.

माणदेशी_लेक:
काका, पुरावे म्हणजे जुनी पत्रं, फोटो, जत्रांची पत्रकं ना? तेच तर जळालं. आणि एक सांगायचं राहिलं. चुलत्यांचा घोंगडीचा माग त्याच सपारात होता. लोकरही तिथंच. आणि आजोबांच्या ओव्यांच्या दोन वह्या, अर्ध्या जळाल्यात आणि लोकांनी पाणी मारल्यानं भिजल्यात. आई म्हणते उन्हात टाकते.

सांगलीची_वहिनी:
उन्हात अजिबात नको! आईंना आत्ता फोन करा. ओली पानं एकमेकांपासून ओढू नका. सावलीत, वाऱ्याला, खाली कोरा पांढरा कागद. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. दोन दिवसांत सुकत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते. काजळी ओल्या फडक्यानं पुसू नका, आत मुरते. सुकल्यावर मऊ ब्रशनं झाडा. तिरपा उजेड पाडून फोटो काढले तर जळक्या कागदावरची पेन्सिलही कधी कधी वाचता येते.

रानवाटा:
आमच्याकडं तर उन्हातच सुकवतात, काही होत नाही.

सांगलीची_वहिनी:
कागद कडक होतो आणि हात लावला की तुटतो. माझ्या सासऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तशाच गेल्या.

कृष्णाकाठ:
माग होता हे पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं ताई! राज्य आपत्ती निधीच्या निकषांत आग येते. हातमाग-हस्तकला कारागिराला अवजारांसाठी ५,००० आणि कच्च्या किंवा तयार मालाच्या नुकसानीसाठी ५,००० असं २०२२ ते २०२६ च्या निकषांत आहे. थोडं आहे, पण पंचनाम्यात माग आणि लोकर वेगळी लिहिलेली पाहिजे. नुसतं "सपार जळाले" लिहिलं तर काही पदरात पडणार नाही. आणि क्यूआर कोड स्वतःच्या नावानं नको. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांना कळवावं लागतं, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ क. गणेश मंडळं तेच करतात. त्यापेक्षा चामड्यावाल्याला, शिंप्याला देणाऱ्यानं परस्पर पैसे द्यावेत.

हलगीवाला:
एका ढोलाच्या पानाचं पैसे माझ्याकडनं. दुकान ठरलं की सांगा.

माणदेशी_लेक:
सगळ्यांचे आभार. आईनं वह्या आत घेतल्या. चुलते उद्या सकाळी पुन्हा तलाठ्यांकडं जाणार आहेत, माग आणि लोकर वेगळी लिहून घेतील. चार जळक्या ढोलांपैकी तीन खोडं ठोकल्यावर भरीव वाजली. कोड मी टाकत नाही.

आता एकच मागणं. वहीतल्या खालच्या ओळी गेल्यात आणि आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. माण-खटावच्या जत्रांत कुणी गजीचा खेळ मोबाईलवर टिपला असेल, मागं म्हातारा माणूस ओवी म्हणतोय असा, तर कितीही खराब असू दे, इथं टाका. फेटा पांढरा, डाव्या हातात लाल रुमाल असायचा त्यांच्या.